परदेशी फ्रीलान्सरचं बिल : कर त्याचा, जबाबदारी तुमची

व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून आजचा विषय इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. वाचून झाल्यावर हा लेख तुमच्या अकाउंटंटलाही पाठवा.

सध्या एक प्रश्न वारंवार येतो. "सर, वेबसाइटसाठी अमेरिकेतला डेव्हलपर मिळाला. त्याने डॉलरमध्ये इन्व्हॉइस पाठवलं. मी बँकेतून पैसे पाठवले की विषय संपला ना? तो भारतातला नाही, म्हणजे टीडीएस नाही आणि जीएसटीही नाही, बरोबर?"

नाही, इथेच गोची आहे. समोरचा माणूस भारतात नाही, म्हणूनच तुमच्यावरची जबाबदारी वाढते.

कारण सोपं आहे. तुम्ही पुण्यातल्या डेव्हलपरकडून काम करून घेतलं तर आयकर खातं त्याच्यापर्यंत पोहोचू शकतं. त्याचा पॅन आहे, त्याचं रिटर्न आहे. तो जीएसटीत असेल तर तोच तुमच्याकडून कर घेऊन भरतो. पण टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बसलेल्या माणसाच्या दारात आपलं खातं कसं जाणार? मग कायदा काय करतो? जो माणूस हाताशी आहे त्याला धरतो, आणि हाताशी तुम्ही आहात. पैसे देणारे तुम्ही, म्हणून कर कापायचा तुम्ही, जीएसटी भरायचा तुम्ही आणि कागद सांभाळायचे तेही तुम्हीच.

आज एवढी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा : परदेशी माणसाशी रेट ठरवण्याआधी कर कोणाच्या खिशातून जाणार ते ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर तो तुमच्याच खिशातून जातो.

एक सूचना आधीच देतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जुन्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम २०२५ लागू आहे. त्यामुळे कलमांचे नंबर बदललेत. मी इथे सगळ्यांच्या तोंडी असलेले जुनेच नंबर वापरतोय, म्हणजे तुमच्या सीएशी बोलताना गोंधळ होणार नाही. प्रत्यक्ष भरताना पोर्टलवर जो नंबर दिसेल तो घ्या.

एक उदाहरण घेऊ

समजा, तुमची कोल्हापुरात एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकता. वेबसाइट नवीन करायची आहे आणि अमेरिकेतला एक फ्रीलान्सर ते काम करायला तयार आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून त्याचं बिल बरोबर १ लाख रुपयांइतक्या डॉलरचं आहे असं धरू.

या एका बिलावर तुम्हाला तीन वेगवेगळ्या कायद्यांना उत्तर द्यायचं आहे. आयकर विचारतो, टीडीएस कापला का? जीएसटी विचारतो, रिव्हर्स चार्ज भरला का? आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा विचारतो, पैसे योग्य रस्त्याने गेले का? तिघेही स्वतंत्र आहेत. एकाचं उत्तर 'शून्य' आलं म्हणून दुसऱ्याचं शून्य येत नाही. बहुतेक लोक इथेच फसतात.

पहिला प्रश्न : टीडीएस

परदेशी रहिवाशाला पैसे देताना कलम १९५ लागतं. भारतातल्या माणसाला पैसे देताना ठराविक रकमेपर्यंत टीडीएस नसतो, तशी सूट इथे नाही. रक्कम छोटी असली तरी प्रश्न उभा राहतोच. कंपनी असो, भागीदारी असो की एकट्याची प्रोप्रायटरशिप, कलम सगळ्यांना आहे.

पण प्रत्येक परदेशी पेमेंटवर डोळे झाकून टीडीएस कापायचा का? तर तेही नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीई इंडिया टेक्नॉलॉजी सेंटरच्या खटल्यात सांगितलं की ती रक्कम भारतात करपात्र असेल तरच कापायचा. म्हणून प्रश्न असा विचारायचा : हे पैसे भारतात करपात्र आहेत का?

याचं उत्तर दोन पायऱ्यांत मिळतं.

पायरी एक, आपला कायदा. सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट, तांत्रिक सल्ला, इंजिनीअरिंग, मॅनेजमेंट कन्सल्टिंग अशी कामं साधारणपणे 'तांत्रिक सेवेची फी' या सदरात जातात. माणूस काम अमेरिकेत बसून करतोय, भारतात कधी आलाच नाही, तरीही हे सदर लागतं. कारण सेवा तुमच्या भारतातल्या धंद्यासाठी वापरली जाते. दर आहे २० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे २०.८ टक्के. जुन्या व्हिडिओंमध्ये १० टक्के ऐकलं असेल. तो दर २०२३ च्या वित्त कायद्याने दुप्पट केला, त्यामुळे जुनी टिपणं फेकून द्या.

पायरी दोन, दोन देशांमधला करार. भारताने बऱ्याच देशांशी दुहेरी कर टाळण्याचा करार केलेला आहे. त्याला डीटीएए म्हणतात. नियम असा की आपला कायदा आणि करार, यात जे करदात्याच्या फायद्याचं असेल ते लागू होतं. म्हणून माणूस कोणत्या देशाचा कर-रहिवासी आहे यावर तुमचा टीडीएस बदलतो.

अमेरिकेच्या करारात एक महत्त्वाची अट आहे. नुसती तांत्रिक सेवा दिली म्हणून कर लागत नाही. ते ज्ञान किंवा कौशल्य तुमच्या हाती सोपवलेलं असलं पाहिजे. इंग्रजीत याला 'मेक अव्हेलेबल' म्हणतात. आपल्या भाषेत सांगतो. आचाऱ्याने तुमच्या घरच्या लग्नाचा स्वयंपाक करून दिला, ही झाली सेवा. आणि आचाऱ्याने तुम्हाला मसाल्याच्या प्रमाणासकट सगळं शिकवलं, पुढच्या लग्नाला त्याला बोलवायची गरजच उरली नाही, याला म्हणायचं कौशल्य सोपवणं. फ्रीलान्सरने वेबसाइट बनवून दिली आणि तो बाजूला झाला, तर तो पहिल्या प्रकारचा आचारी. अशा वेळी करारानुसार भारतात सहसा कर येत नाही. पण त्याने तुमच्या टीमला ट्रेनिंग देऊन ते तंत्र शिकवलं, तर १५ टक्के लागू शकतो.

तो एकटा व्यावसायिक असेल, कंपनी नसेल, तर अमेरिकेच्या करारात स्वतंत्र व्यावसायिकांसाठी वेगळी तरतूदही आहे. भारतात त्याचं कायमचं ऑफिस नाही आणि वर्षात तो भारतात ९० दिवसांपेक्षा कमी राहिला, तर त्या कमाईवर कर अमेरिकेतच.

आता तेच काम जर्मनीतल्या कंपनीला दिलं असं समजा. जर्मनीच्या करारात 'मेक अव्हेलेबल'ची अट नाही. तिथे तांत्रिक सेवेवर १० टक्के. म्हणजे त्याच १ लाखाच्या बिलावर १०,००० रुपये टीडीएस. आणि दुबईतली कंपनी असेल तर? संयुक्त अरब अमिरातीच्या करारात तांत्रिक सेवेचं कलमच नाही. त्या कंपनीचं भारतात ऑफिस वगैरे काही नसेल तर साधारणपणे ती रक्कम तिचा धंद्याचा नफा धरली जाते आणि भारतात करपात्र होत नाही.

बघा, काम एकच आणि रक्कमही एकच, पण तीन देशांत तीन उत्तरं. म्हणून "माझ्या मित्राने तर काही कापलं नव्हतं" हे उत्तर नाही. आधी मित्राचा फ्रीलान्सर कोणत्या देशातला होता ते विचारा.

कराराचा फायदा फुकट मिळत नाही

करार आहे म्हणून तो आपोआप लागू होत नाही. त्यासाठी समोरच्याकडून कागद हवेत :

१. टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे टीआरसी. हे त्याच्या देशाचं कर खातं देतं. अमेरिकेत याला फॉर्म ६१६६ म्हणतात. बरेच अमेरिकन फ्रीलान्सर याऐवजी डब्ल्यू-९ फॉर्म पाठवतात. तो त्यांच्याकडच्या कंपन्यांसाठी असतो, तुमच्या कामाचा नाही. फॉर्म ६१६६ मिळायला अर्ज आणि फी लागते, शिवाय वेळही जातो. म्हणून काम सुरू होण्याआधीच मागा.

२. फॉर्म १०एफ. हा त्याने आपल्या आयकर पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. ऑक्टोबर २०२३ पासून कागदावर सही करून दिलेला चालत नाही. पॅन नसलेल्या परदेशी माणसालाही पोर्टलवर नोंदणी करून तो भरता येतो.

३. भारतात त्याचं कायमस्वरूपी ऑफिस किंवा धंद्याचं ठिकाण नाही, असं त्याच्या लेटरहेडवर सहीनिशी पत्र.

४. त्याचं पूर्ण नाव, पत्ता, ईमेल, फोन आणि त्याच्या देशातला करदाता क्रमांक. पॅन नसेल तर किमान २० टक्के टीडीएस कापायची तरतूद आहे. ही माहिती आणि टीआरसी असेल तर तांत्रिक सेवेच्या फीवर नियम ३७बीसीनुसार त्यातून सुटका मिळते.

हे कागद नसतील तर करार विसरा. सरळ २०.८ टक्के.

बिलावरचे शब्द जपून वापरा

इन्व्हॉइसवर कामाचं वर्णन काय लिहिलंय, यावर कराचं सदर ठरू शकतं. 'वेबसाइट डेव्हलपमेंट सेवा' लिहिलं तर सेवा. 'सॉफ्टवेअर लायसन्स फी' लिहिलं तर प्रश्न रॉयल्टीकडे वळतो, आणि रॉयल्टीचं गणित वेगळं. जे काम झालं तेच लिहायचं, पण नीट आणि पूर्ण लिहायचं. 'कन्सल्टिंग चार्जेस' एवढ्या दोन शब्दांवर तुमचा सीए काय ठरवणार?

परदेशी इन्व्हॉइसवर हे सगळं हवंच :

– देणाऱ्याचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, देश, करदाता क्रमांक
– तुमच्या कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर
– इन्व्हॉइस नंबर आणि तारीख
– काय काम केलं, कोणत्या काळात केलं, कुठे बसून केलं
– चलन आणि रक्कम
– बँक खातं, स्विफ्ट कोड. खातं इन्व्हॉइसवरच्याच नावाचं हवं. इन्व्हॉइस एकाच्या नावाचं आणि खातं बायकोच्या नावाचं असेल, तर बँक अडवणार.
– बँकेचं कमिशन कोण देणार

दुसरा प्रश्न : जीएसटी

आता तोच इन्व्हॉइस घेऊन जीएसटीकडे चला. परदेशातून सेवा घेणं म्हणजे सेवेची आयात. माल आयात केला की बंदरावर कस्टम्स कर घेतं. पण वेबसाइट कुठल्या बंदरावर उतरते? ती ईमेलने येते. म्हणून कायदा म्हणतो, घेणाऱ्यानेच आयजीएसटी भरावा. हाच रिव्हर्स चार्ज.

आपल्या उदाहरणात १ लाखावर १८ टक्के, म्हणजे १८,००० रुपये आयजीएसटी. हा कर टीडीएस कापून उरलेल्या रकमेवर नाही, कापण्याआधीच्या पूर्ण रकमेवर लागतो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हे १८,००० तुम्हाला रोखीने, म्हणजे कॅश लेजरमधूनच भरायचे आहेत. क्रेडिट लेजरमध्ये लाखभर पडलेले असले तरी ते इथे वापरता येत नाहीत. दुसरी, भरल्यावर तेच १८,००० तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात. जीएसटीआर-३बी मध्ये ३.१(डी) या रकान्यात देणं दाखवा आणि ४(ए)(२) मध्ये क्रेडिट घ्या. म्हणजे खर्च वाढत नाही, पण पैसे फिरवावे लागतात. महिन्याला ५ लाखांचं परदेशी काम असेल तर ९०,००० रुपये रोख तयार ठेवावे लागतात. कॅश फ्लोमध्ये हे धरलं नाही तर २० तारखेला धावपळ होते.

त्यासाठी कागद कोणता? परदेशी माणसाचं इन्व्हॉइस पुरत नाही, कारण त्याच्याकडे जीएसटी नंबर नाही. तुम्हालाच स्वतःच्या नावाने सेल्फ-इन्व्हॉइस काढावं लागतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला मुदत आहे : सेवा मिळाल्यापासून ३० दिवस. पैसे दिले की त्यासोबत पेमेंट व्हाउचरही करा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, खास नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी. "माझा टर्नओव्हर २० लाखांच्या आत आहे, मला जीएसटी नंबरच नाही, मग रिव्हर्स चार्ज कसला?" असं म्हणत असाल तर थांबा. ज्याला रिव्हर्स चार्जचा कर भरावा लागतो, त्याला टर्नओव्हर कितीही असला तरी नोंदणी सक्तीची आहे. कलम २४ वाचा. म्हणजे धंद्यासाठी परदेशातून छोटंसं काम करून घेतलं, तरी त्या एका बिलामुळे तुम्ही जीएसटीत येऊ शकता. एकदा आलात की तुमच्या सगळ्या विक्रीवर कर लावायचा, दर महिन्या-तिमाहीला रिटर्न भरायचं. ज्याचे सगळे ग्राहक घरगुती आहेत, त्याला वाढलेली किंमत ग्राहकाला समजावून सांगावी लागते. लोगो डिझाइनवर वाचवलेल्या चार पैशांपेक्षा हे ओझं मोठं असू शकतं. अशा वेळी नाशिक-नागपूरमधला डिझायनर थोडा महाग असला तरी शेवटी स्वस्त पडतो.

कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर आणखी जपून. रिव्हर्स चार्ज भरावा लागतोच, तोही पूर्ण १८ टक्के, आणि क्रेडिट मिळत नाही. तिथे ते १८,००० म्हणजे सरळ खर्च.

तिसरा प्रश्न : पैसे कोणत्या रस्त्याने

कंपनीचं पेमेंट कंपनीच्या खात्यातून, बँकेमार्फत गेलं पाहिजे. बँक ए-२ फॉर्म घेते आणि पर्पज कोड विचारते. सॉफ्टवेअर कन्सल्टिंगसाठी एस०८०२ हा कोड आहे. कोड कामाशी जुळला पाहिजे.

पैसे पाठवण्याआधी आयकर पोर्टलवर फॉर्म १५सीए भरायचा असतो. त्याचे चार भाग आहेत. रक्कम करपात्र आहे आणि वर्षभरात एकूण ५ लाखांपर्यंत, तर भाग ए. ५ लाखांच्या वर असेल तर सीएचं सर्टिफिकेट, म्हणजे १५सीबी घेऊन भाग सी. आयकर अधिकाऱ्याचा आदेश घेतला असेल तर भाग बी. रक्कम करपात्रच नसेल तर भाग डी. करारामुळे कर शून्य येत असेल तेव्हा कोणता भाग भरायचा ते सीएलाच ठरवू द्या. फॉर्म भरला नाही किंवा चुकीचा भरला तर १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

काही लोक डायरेक्टरच्या वैयक्तिक क्रेडिट कार्डाने पैसे देतात. कार्डाने पैसे गेले तेव्हा कुणी फॉर्म विचारला नाही, म्हणजे कर नाही, असं समजू नका. कार्ड स्वाइप झालं तरी कलम १९५ आणि रिव्हर्स चार्ज जिथल्या तिथे आहेत. फ्रीलान्स प्लॅटफॉर्मवरून काम करून घेतलं तरी तेच.

आणि एक घरगुती पद्धत फार ऐकू येते. "माझा मामेभाऊ दुबईला आहे, तो तिथे त्या डिझायनरला दिऱ्हम देईल, मी इथे मामीच्या खात्यात रुपये टाकतो." ऐकायला सोयीचं वाटतं, पण फेमाला हे चालत नाही. शिवाय खर्चाचा पुरावा राहत नाही तो वेगळाच. नको म्हणजे नको.

आपलाच माणूस असला तरी?

"सर, तो परदेशी कुठे, आपल्या सांगलीचाच आहे. न्यू जर्सीला असतो. पुण्यात त्याचं खातं आहे, रुपयांतच पैसे देतो मी."

मित्रांनो, कायदा आडनाव बघत नाही आणि पासपोर्टही बघत नाही. तो बघतो रहिवास. आयकराच्या दृष्टीने माणूस अनिवासी असेल तर कलम १९५ लागतं, पैसे डॉलरमध्ये दिले काय आणि पुण्यातल्या खात्यात रुपयांत दिले काय. मराठीतून व्हॉट्सॲपवर काम ठरलं म्हणून टीआरसी सुटत नाही. उलट ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो, म्हणून तिथेच जास्त राहून जातं. "दादा, तुझ्यासाठी नाही, माझ्या ऑडिटसाठी लागतंय," असं स्पष्ट सांगा. माणूस समजून घेतो.

खरी किंमत किती?

आता १ लाखाच्या बिलाची तीन चित्रं बघू.

पहिलं : कागद वेळेत आले, करारामुळे टीडीएस शून्य. फ्रीलान्सरला पूर्ण १ लाख. तुम्ही १८,००० भरून क्रेडिट घेतलं. वरून सीएची फी आणि बँकेचे चार्जेस.

दुसरं : कागद नाहीत, पण 'टीडीएस कापला जाईल' असं आधी लिहून ठरलंय. तुम्ही २०,८०० कापले, त्याला ७९,२०० दिले. कापलेल्या कराचं सर्टिफिकेट १६ए त्याला द्या. त्याच्या देशाच्या नियमांत बसलं तर तो तिथे त्याची वजावट मागू शकतो.

तिसरं : कागद नाहीत, लिहून काही ठरलेलं नाही, आणि तो म्हणतो, "मला हातात पूर्ण १ लाख हवेत." मग तुम्हाला ग्रॉस-अप करावं लागतं. म्हणजे अशी रक्कम शोधायची की २०.८ टक्के वजा जाता १ लाख उरतील. ती येते सुमारे १,२६,२६३ रुपये. २६,२६३ रुपये कर तुमच्या खिशातून. १ लाखाचं काम सव्वा लाखाच्या पुढे गेलं.

आणि काहीच केलं नाही तर? नंतर तपासणीत न कापलेला टीडीएस तुमच्याकडून मागतात. त्यावर महिन्याला १ टक्का व्याज. कापून भरला नसेल तर दीड टक्का. त्याशिवाय तो १ लाखाचा पूर्ण खर्च तुमच्या नफ्यातून वजा होऊ देत नाहीत. भारतातल्या माणसाचा टीडीएस चुकला तर ३० टक्के खर्च नामंजूर होतो, परदेशी माणसाचा चुकला तर १०० टक्के. सवलतीच्या २२ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीला सरचार्ज-सेस धरून त्यावर सुमारे २५,१६८ रुपये जादा कर पडतो. पुढे टीडीएस भरला की त्या वर्षी खर्च मिळतो हे खरं, पण तोवर पैसे अडकले आणि व्याज गेलं ते गेलंच.

तारखांचा तक्ता

इन्व्हॉइस १० जूनला आलं, दर महिन्याला रिटर्न भरता, असं धरून :

– जूनमध्ये पुस्तकात नोंद केली किंवा पैसे दिले, जे आधी होईल तेव्हा टीडीएसची जबाबदारी सुरू. डॉलरचा दर स्टेट बँकेचा त्या दिवसाचा टीटी बाइंग रेट.
– पैसे पाठवण्याआधी १५सीए.
– सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत सेल्फ-इन्व्हॉइस.
– ७ जुलैपर्यंत टीडीएसचं चलान. त्यासाठी टॅन नंबर लागतो, तो आधीच काढून ठेवा.
– २० जुलैपर्यंत जूनच्या जीएसटीआर-३बी मध्ये रिव्हर्स चार्ज.
– ३१ जुलैपर्यंत एप्रिल ते जूनचं टीडीएस रिटर्न, फॉर्म २७क्यू. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी.
– १५ ऑगस्टपर्यंत फ्रीलान्सरला १६ए.

मार्चच्या बिलाचा टीडीएस मात्र ३० एप्रिलपर्यंत भरता येतो.

जाता जाता एक गैरसमज. गुगल-फेसबुकच्या जाहिरातींवर लागणारी ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली आहे. २ टक्क्यांची ई-कॉमर्सवरची लेव्ही त्याआधीच, १ ऑगस्ट २०२४ ला गेली. कुणी अजून ती कापायला सांगत असेल तर त्याची माहिती जुनी आहे.

आज करायचं काम

तुमच्या परदेशी फ्रीलान्सरसोबत करार असेल तर उघडा, नसेल तर ईमेल लिहा. त्यात ही पाच वाक्यं आहेत का बघा :

१. ठरलेली फी भारतीय टीडीएस धरून आहे. कायद्याने लागेल तो टीडीएस कापला जाईल.
२. टीआरसी, फॉर्म १०एफ आणि भारतात ऑफिस नसल्याचं पत्र पहिल्या इन्व्हॉइसच्या आधी द्यायचं.
३. कागद येईपर्यंत पैसे थांबतील, किंवा पूर्ण दराने टीडीएस कापून दिले जातील.
४. बँकेचं कमिशन कोणाचं.
५. कामाचे हक्क तुमच्या कंपनीला, किती काळासाठी आणि कोणकोणत्या देशांसाठी. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. चपला अमेरिकेत विकणार असाल तर ही ओळ विसरून चालणार नाही.

मग एक फोल्डर करा आणि प्रत्येक बिलामागे करार, इन्व्हॉइस, टीआरसी, १०एफ, १५सीए, बँकेची स्विफ्ट कॉपी, सेल्फ-इन्व्हॉइस, चलान एकत्र ठेवा. कंपनीला हिशेबाची कागदपत्रं ८ वर्षं जपावी लागतात, हेही तेवढीच जपा.

परदेशी माणसाकडून काम करून घ्यायला घाबरू नका. कोल्हापुरात बसून जगातला चांगला माणूस कामाला लावता येतो, ही आपल्या पिढीला मिळालेली मोठी संधी आहे. फक्त पुढच्या वेळी कुणी तुम्हाला डॉलरमध्ये रेट सांगितला की "डन" म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा : तू कोणत्या देशात कर भरतोस, आणि त्याचं सर्टिफिकेट कधी देतोस? उत्तरं घेऊन सीएला एक फोन करा, आणि मगच कामाला हो म्हणा.